साडेपाचच्या बातम्या

भादव्यात सिल्वासातला कागद फुगतो. फायलींची पोटं सुटतात, टाचण्या गंजून पानांवर तांबडे डाग पाडतात, आणि कचेरीतलं लोखंडी कपाट उघडलं की बुरशी, डांबराच्या गोळ्या आणि जुनी लाख यांचा एकत्र वास नाकात शिरतो. बाकीच्यांना तो नकोसा होतो. मला आवडायचा. सव्वीस वर्षं मी त्या वासात बसून टिपणं लिहिली आहेत, आणि खरं सांगायचं तर चांगली लिहिली आहेत. माझी बायको मंदा म्हणते, "तुम्हाला आमटीवरसुद्धा शेरा मारल्याशिवाय जेवण जात नाही." तिचं म्हणणं खोटं नाही.

गेल्या आठवड्यात आदेश आला की जप्तीच्या जुन्या वस्तू निकाली काढा. माझ्या खुर्चीमागच्या कपाटाचा खालचा कप्पा मी गुडघ्यांवर बसून उघडला. आत मांजरपाटात शिवलेला एक डबा होता, पाच ठिकाणी लाख लावलेला. चिठ्ठीवरची शाई ओलीने पसरली होती, पण खालची सही वाचता येत होती. ती माझी होती. बाहेर पाऊस नुसता लागून राहिला होता, आणि दुपारी धरणाचे दरवाजे उघडल्याचा भोंगा नदीकडून ऐकू आला. मी तसाच जमिनीवर बसून राहिलो. शिपाई म्हणाला, "साहेब, कंबर धरली काय?" मी हो म्हणालो.

चार वर्षांपूर्वीचा असाच ओला महिना. चामड्याच्या चपलांवर पांढरी लव धरलेली, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस दमट, आणि किलवणीकडून येणाऱ्या बायका पानांच्या द्रोणांत करटोली आणि अळंबी घेऊन बाजाराच्या तोंडाशी बसलेल्या. त्या पावसाळ्याची आठवण आली की मला सगळ्यात आधी दिसतं ते मात्र कोरडं रान. तांबडी माती, ठेंगणी झाडं, पांढऱ्या भिंतींची घरं आणि वर निळंभोर आभाळ. हे रान मी कधी पाहिलेलं नाही. ते यमुनाकाकींच्या टीव्हीवर असायचं.

डोकमर्डीतल्या इमारतीत आमच्या दारासमोर त्यांचं दार. काकी डहाणूकडच्या, लग्न होऊन सिल्वासात आल्या. त्यांचे सासरे शिंपी होते, पोर्तुगीज शिपायांचे गणवेश शिवायचे. काका इथेच जन्मले, इथून पोर्तुगीज जायच्या आधी. दोन इयत्ता त्यांनी पोर्तुगीजांच्या शाळेत काढल्या होत्या, आणि म्हातारपणीही सकाळी गॅलरीत भेटले की मला नमस्काराऐवजी "बों दिया, परब" म्हणायचे. पुढे झालं असं की काकांच्या जन्माची जुन्या पोर्तुगीज नोंदवहीतली एक ओळ त्यांच्या मुलाच्या, दिनेशच्या, कामी आली. त्या ओळीवर त्याला तिकडचा पासपोर्ट मिळाला आणि तो पोर्तुगालला गेला. दक्षिणेकडे कुठल्याशा गावात प्लास्टिकच्या लांबच लांब घरांमध्ये फळं तोडायचं काम. इथल्या दोऱ्याच्या कारखान्यात तो पाळ्या करत होता, त्यापेक्षा बरं म्हणे.

ती वाहिनी काकांच्या हौसेसाठी आली. केबलवाले जिग्नेशभाई काकांना फार मानत. त्यांनी आपल्या गच्चीवर अँटेनाची एक जुनी मोठी छत्री होती ती फिरवली, तिला रिसीव्हरचा एक डबा लावला, आणि नऊशेच्या पुढच्या कुठल्याशा आकड्यावर पोर्तुगाल सिल्वासात आणून सोडला. चार-पाच घरं बघायची. काका गेले, वाहिनी राहिली. तिकडच्या दुपारच्या बातम्या आपल्याकडे साडेपाचला लागत. काकी साडेपाचला चहा टाकत आणि टीव्हीसमोर बसत. भाषेतलं त्यांना काही कळत नसे. पण शेवटी हवामानाचा नकाशा येई. त्या उठून काचेजवळ जात, खालच्या समुद्रापासून बोट वर सरकवत, आणि एका जागी थांबत.

"हितं हाय बघा माजा पोर. आज ऊन हाय त्याला."

मी कचेरीतून येताना बऱ्याचदा त्या वेळी तिथे टेकायचो. मंदा शाळेतून उशिरा येते, त्यामुळे माझा संध्याकाळचा चहा काकींकडे ठरलेलाच होता. दिनेश रविवारी फोन करायचा, पण रविवार आठवड्यातून एकदाच येतो. बाकीचे सहा दिवस काकी त्याच्या डोक्यावरचं आभाळ बघून काढायच्या. काही शब्द कानाने उचलले होते त्यांनी. 'शूवा' म्हणजे पाऊस. 'फोगु' म्हणजे आग. उन्हाळ्यात तिकडे डोंगर पेटतात, त्यामुळे 'फोगु' हा शब्द आला की कपातला चहा तसाच राहायचा.

एकदा ऑगस्टच्या दोन तारखेला, म्हणजे आमच्या मुक्तिदिनाला, झेंडावंदन आणि भाषणं उरकून मी त्यांच्याकडे गेलो. सकाळभर पोर्तुगीजांच्या जुलमाबद्दल ऐकून आलो होतो आणि इथे त्यांचाच निवेदक टाय लावून बसलेला. मी म्हटलं, "काकी, आजच्या दिवस तरी दुसरं काही लावा!" काकी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांना हाकलला ते बरा केला, भाऊ. पण माजा पोर त्यांच्याकडं हाय ना आता."

हे मी गमतीने बोललो, तेव्हा माझं टिपण साहेबांच्या टेबलावर जाऊन पडलेलं होतं.

त्याचं असं झालं. केबलवर काय दाखवलं जातं यावर नजर ठेवायचं काम जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे असतं. दिल्लीहून परवानगी असलेल्या वाहिन्यांची यादी येते, आणि वर्षा-दोन वर्षांतून कोणीतरी ती घेऊन केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये जातं. त्या जुलैत मी गेलो. एसी लावलेली ती खोली म्हणजे पावसाळ्यातल्या सिल्वासातली एकमेव कोरडी जागा. भिंतभर डबे, डब्यांवर हिरवे दिवे. मी यादीवर एकेक खूण करत गेलो. शेवटच्या रांगेतल्या एका डब्याचं नाव यादीत मिळेना.

जिग्नेशभाई हात चोळत म्हणाले, "साहेब, हे तर सेवा छे. काकाने सांगितलेला. एक पैसा नाय घेतो मी याचा. तुमी पण तर बघता ना काकीकडे?"

बघत होतो. म्हणूनच तर मला ते नीट करायचं होतं. आता हे कोणाला पटेल की नाही ठाऊक नाही, पण सरकारी कारकुनाचं प्रेम असंच असतं. त्याला एखादी गोष्ट आवडली की ती कागदावर असावीशी वाटते. दुसरा कोणी असता तर त्या रांगेकडे पाठ करून चहा प्यायला असता आणि 'सर्व ठीक' लिहून मोकळा झाला असता. मी घरी जाऊन मन लावून मसुदा केला. ही वाहिनी निरुपद्रवी आहे. या प्रदेशाचा तिच्या देशाशी जुना संबंध आहे. इथली काही कुटुंबं आपल्या माणसांच्या ओढीने ती पाहतात. सबब तिला रीतसर परवानगी मिळावी, अशी शिफारस आहे. दोन वेळा लिहून काढलं. मंदाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. पण लिहायलाच हवं का?" मी म्हटलं, "न लिहिता काय होतं या जगात?"

साहेब दिल्लीकडचे, तरुण, स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनी माझं पानभर टिपण वरपासून खालपर्यंत वाचलं आणि पेन्सिलीने एकाच ओळीखाली रेघ मारली. वाहिनी यादीत नाही, ही ती ओळ.

"परबजी, लिस्ट में नहीं है तो नहीं है। अब आपने लिख दिया है, तो मैं अनदेखा कैसे करूँ?"

मी शिफारशीच्या परिच्छेदाकडे बोट दाखवलं. त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि ते नियमाला धरूनच होतं. परदेशी वाहिनी इथे उतरवायची तर अर्ज कंपनीनेच करायचा. ती कंपनी भारतात नोंदलेली हवी, तिची ऐपत अमुक हवी, वाहिनीशी तिचा करार हवा. मग दिल्लीत चौकशी, मग परवानगी, मग यादी. सिल्वासातल्या चार-पाच घरांसाठी कुठली कंपनी हा उपद्व्याप करणार? त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की त्या वाहिनीवर बंदी कोणीच घातलेली नव्हती. परवानगी कोणी मागितली नव्हती, एवढंच. आणि यादीला त्या दोन्हींतला फरक दिसत नाही.

यादी वाईट असते असं मी म्हणणार नाही. माझी सगळी नोकरी याद्यांवर गेली. सरहद्दीपलीकडून विष ओतणारे आवाज येतात, ते घराघरांत शिरू नयेत म्हणून दार हवं, आणि दाराला राखण हवी. माणसामाणसांत आग लावणारे आवाज मीही ऐकले आहेत. पण या दारावर फक्त नाव विचारतात. आत येणारा काय घेऊन आलाय, हे बघायची सोय त्यात नाही. हवामानाचा नकाशा घेऊन आलेला पाहुणाही बाहेरच उभा राहतो. असं काही मनात आलं की मी पूर्वी त्याचं टिपण करायचो.

स्वातंत्र्यदिनाच्या दोन दिवस आधी जप्ती झाली. डबा काढला, पंचनामा झाला, मांजरपाट मी स्वतः दाभणाने शिवलं. मेणबत्तीवर लाख वितळवून पाच थेंब सोडले, त्यावर पितळी शिक्का दाबला. हात भाजला थोडा. जिग्नेशभाईंनी निमूटपणे सही केली. जाताना एवढंच म्हणाले, "साहेब, बोलत नव्हता तर चालत होता."

संध्याकाळी काकींच्या टीव्हीवर निळा पडदा होता. मी त्यांना म्हटलं, "थोडे दिवस जातील. मी शिफारस केली आहे." डबा कुठे आहे ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमी लिवलाय ना? मग होईल." माझ्या लेखणीवर इतका विश्वास आजवर कोणी टाकला नव्हता. साहेबांनी काय समजावलं ते मला ठाऊक असूनही मला त्या क्षणी बरं वाटलं.

मग तो आठवडा आला. मंगळवारी सकाळी दिनेशचा फोन आला, अवेळी. काकी दार न वाजवता आमच्याकडे आल्या. "मागचा डोंगर पेटलाय बोलतो. त्यांना हलवतात कुठं. मग फोन करतो बोलला." त्यानंतर फोन लागेना. एक बाई दर वेळी तेच वाक्य म्हणायची, त्यांच्या भाषेत, अगदी गोड आवाजात. काकी ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायच्या. त्यात काहीतरी बदलेल असं वाटत असावं.

मी मोबाइलवर खटपट केली. तिकडच्या वर्तमानपत्रांत जळत्या डोंगरांचे फोटो होते, पण आगीचे सगळे फोटो सारखेच दिसतात आणि गावाचं नाव कुठे सापडेना. वाहिनीच्या संकेतस्थळावर गेलो तर एक चौकट आली की हे प्रसारण तुमच्या देशात उपलब्ध नाही. म्हणजे त्यांच्याकडेही यादी होती, आणि त्या यादीत आम्ही नव्हतो. आपल्याकडच्या बातम्यांत तर पोर्तुगालचं नावच नव्हतं. आपल्याकडे पूर आले होते. सगळा दिवस पाणीच दाखवत होते.

आणि डबा माझ्या पाठीशी होता. अक्षरशः. खुर्ची जरा मागे सरकवली की कपाटाला लागायची. किल्ली माझ्या कमरेला. जिग्नेशभाईंची गच्ची स्कूटरवर दहा मिनिटांवर, छत्री अजून त्याच दिशेला तोंड करून उभी. एक दोरा कापायचा, दोन तारा जोडायच्या, आणि साडेपाचला काकींना नकाशा दिसला असता. 'फोगु' दिनेशपासून किती बोटं लांब आहे ते त्यांनी ओळखलं असतं. मी काय केलं? मी अर्ज लिहिला. 'मानवीय कारणास्तव जप्त वस्तूच्या तात्पुरत्या मुक्ततेबाबत.' विषयाची ओळ मी दोनदा सुधारली. साहेब दौऱ्यावर होते. अर्ज त्यांच्या ट्रेमध्ये सगळ्यात वर ठेवला आणि त्यावर पेपरवेट ठेवलं, उडू नये म्हणून.

मला भीती होती. सील तोडणं म्हणजे काय ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? चौकशी, निलंबन, निवृत्तीवेतनावर गदा. दोन वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याचं असंच झालेलं मी पाहिलं होतं. हे कारण खरं आहे. पण पूर्ण खरं सांगायचं तर भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती. ते सील मी फार व्यवस्थित केलं होतं.

ते तीन दिवस मी रोज साडेपाचला काकींकडे गेलो. न जाण्याचं धैर्य नव्हतं. त्या चहा करायच्या, नेहमीसारखा, गवती चहा घालून. टीव्ही चालू असायचा, आवाज बंद, कुठल्यातरी मालिकेतल्या बायका तोंडं हलवत असायच्या. मी आत शिरलो, ओली छत्री कोपऱ्यात टेकवली आणि कचेरीची पिशवी खाली ठेवली की काकी आधी पिशवीकडे बघायच्या, मग माझ्याकडे. मला वाटायचं, परवानगीचा कागद आलाय का ते बघताहेत. मी मान हलवायचो. "अर्ज दिलाय," म्हणायचो. त्या "बरा" म्हणायच्या आणि कप पुढे सरकवायच्या. बशीत बिस्किटं दोन. तिन्ही दिवस.

शुक्रवारी पहाटे फोन आला. दिनेश एका शाळेत होता, बाकीच्या मजुरांबरोबर, जमिनीवर झोपलेला. मोबाइलचा मनोरा जळाला म्हणून फोन बंद होते. प्लास्टिकची घरं गेली, तो वाचला. काकी गॅलरीत उभ्या राहून मोठ्याने रडल्या आणि मग सगळ्या मजल्यावर साखर वाटली. साहेब सोमवारी आले. माझ्या अर्जावर त्यांनी लिहिलं, 'आता आवश्यकता नाही'. मी तो अर्ज फाइलला लावला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आपल्या परीने आपण केलं, असं मी मंदाला म्हणालो. ती भाजी निवडत राहिली.

चार वर्षं मी त्या 'आपल्या परीने'वर काढली. पण दर भादव्यात कागद फुगायला लागले, धरणाचा भोंगा वाजला, की कपाटाच्या खालच्या कप्प्याकडे बघायचं मी टाळायचो. माझी टिपणंही आखूड झाली. नवे साहेब एकदा म्हणाले, परबजींचं लिखाण अगदी मुद्देसूद असतं. मुद्देसूद कसलं, मला आता परिच्छेद घालायची भीती वाटते.

परवा मी डबा जिग्नेशभाईंना परत केला. पावतीवर सही करून त्यांनी तो हातात तोलला. "आता काय करू याला? छत्री तर मागच्या वादळात गेली." लाख त्यांनी नखाने खरवडली. चार वर्षांनी ती एका टिचकीत निघाली.

मी तिथून थेट काकींकडे गेलो. साडेपाच व्हायचे होते. आता दिनेश रोज फोन करतो, चेहरा दाखवतो, डोक्यावरचं आभाळही दाखवतो. काकींना वाहिनीची गरज राहिलेली नाही. त्या जमिनीवर सुपात करटोली घेऊन बसल्या होत्या. मी पिशवी खाली ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, कारण बसलो असतो तर जमलं नसतं. तो डबा त्या तीन दिवसांत माझ्या कपाटात होता, किल्ली माझ्याकडे होती, मी तो आणू शकलो असतो, आणि आणला नाही.

काकींनी एक करटोलं दोन बोटांत फिरवून पाहिलं, कीड आहे का म्हणून.

"ठाव हाय मला. तुमी नेला त्याच दिवशी जिग्नेशने सांगितलेला. बोलला, काकी, डबा परबभाऊंच्या कपाटात हाय."

मी म्हटलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत? एकदा तरी मागायचा."

"मागायचा काय त्याच्यात?" त्या उठल्या, चहाचं आधण ठेवायला. आत जाता जाता म्हणाल्या, "रोज पिशवी बघायची मी. वाटायचा, आज आनला असल."